मार्थाचं 'बिकॉज'

मार्था गेल्याची बातमी मला आमच्या राजोडी गावाहून नाही, कोईमतूरहून कळली. मी तेव्हा लेकीकडे पुण्याला होते. आपली शेजारीण जाते आणि ते आपल्याला कुठली कोण बाई फोनवर रडत सांगते, याचा आधी मला रागच आला. नाताळात पुन्हा मार्थाकडे पाहुणी म्हणून यायचं म्हणून त्या बाईने तिला फोन लावला होता, तो मार्थाच्या मुलाने, विल्सनने उचलला. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही... मग त्या बाईने विचारलं, आता त्या घराचं काय होणार? हाच प्रश्न काही वर्षांपूर्वीही उभा राहिला होता. तेव्हा तो मार्थाने कसा सोडवला, ते मी कुंपणापलीकडून रोज पाहिलंय.

मार्था माहेरची कोळीवाड्यातली, लग्न होऊन राजोडीत आलेली. नवरा गेल्यावर समुद्राकडच्या दोन खोल्या ती शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना देऊ लागली. मी तिच्या शेजारची, बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, दिसेल त्याची चूक काढणारी. मला ती 'टीचर' म्हणायची. विल्सन विरारला फ्लॅटमध्ये राहायचा. एक एजंट अख्खं घर दहा वर्षांच्या कराराने मागत होता आणि विल्सनच्या मनात ते देऊन टाकायचं होतं. "आई, एकटीने कशाला मरमर करतेस, चल आमच्याकडे," तो म्हणायचा. मार्थाचा सगळा जीव त्या घरात. शेवटी तीच म्हणाली, ईस्टरपर्यंत थांब, तोवर पाहुणे टिकले नाहीत तर मी स्वतः किल्ली देते.

आणि पाहुणे टिकत नव्हते. येणारी निम्मी मंडळी मुंबईच्या कंपन्यांमधली दक्षिणेकडची, त्यांना हिंदीही धड येत नसे. मार्था त्यांच्याशी तिच्या इंग्रजीत बोले. 'गेट क्लोज टेन.' 'ईट.' 'नो वॉटर.' एका कुटुंबाने रविवारी सकाळीच बॅगा भरल्या आणि इंटरनेटवर लिहून टाकलं की घर सुंदर, मासे उत्तम, पण मालकीण सारखी रागावते. मी ते तिला वाचून दाखवलं. "मी कधी रागावली, टीचर? लाइट नव्हती, पंप चालेना, म्हनून तर मी विहिरीचं पानी काढून दोन बादल्या न्हानीच्या दाराआड ठेवल्या. त्यांनी बघितल्याच नाय?" बघणार कशा? त्यांना फक्त 'नो वॉटर' एवढंच ऐकू आलं होतं.

मी म्हटलं, मार्था, मराठीत तुझं 'आनि' आणि 'पन' दिवसभर थांबत नाही, इंग्रजीत ते कुठे जातं? लगेच वही काढली, व्याख्या दिल्या, गाळलेल्या जागा भरायला दिल्या. आठ दिवसांत वहीला बोंबलाचा वास लागला, बाकी काही नाही. माझी पद्धत फसली हे कबूल करायला मला आणखी आठ दिवस लागले. मग मी वही फेकली आणि ती मासे साफ करायला बसली की शेजारी पाट ओढून बसू लागले. चारच शब्द. अँड, बट, सो, बिकॉज. बाकी वाक्य मराठीत चालेल.

पहिले तीन तिने पटकन उचलले. 'बिकॉज'ला मात्र ती अडून बसली. तिच्या घरची रीतच तशी होती. पाहुण्यासाठी मरमर करायची, पण एका शब्दाने सांगायचं नाही. केलेलं बोलून दाखवलं की ते वाया गेलं, असं तिच्या सासूने तिला पहिल्या दिवशीच बजावलेलं. "टीचर, तुमचं ते बिकॉज म्हनजे बोलून दाखवनं झालं. मला लाज वाटते," ती म्हणाली. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मग जपून ठेव तुझी लाज, आणि घर दे एजंटला. तडक उठून घरी आले. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून आवाज आला, "टीचर, मी चहा टाकलाय, बिकॉज तुम्ही रागावलाय." मी गेले. काय करणार...

ईस्टरच्या आदल्या शनिवारी कोईमतूरची ती फोनवाली बाई पहिल्यांदा आली, सोबत तिचा नवरा आणि म्हातारी सासू. संध्याकाळी वीज गेली. विल्सन किल्लीचं बोलायला आलेलाच होता, ओट्यावर बसला होता. मार्था हात पुसत बाहेर आली आणि त्या तिघांसमोर उभी राहून सावकाश म्हणाली, "लाइट इज गॉन, सो पंप नॉट वर्किंग. बट आय हॅव वेल वॉटर, अँड इट इज हॉट, बिकॉज युवर मदर इज ओल्ड." चारही शब्द, एका दमात! मला शाळेत कुणाच्या निकालाचा झाला नसेल एवढा आनंद झाला. म्हातारीला सुनेने ते तमिळमध्ये सांगितलं. तिने उठून मार्थाचे दोन्ही हात धरले. दोन रात्रींसाठी आलेली माणसं पाच दिवस राहिली. विल्सनने त्याच ओट्यावरून एजंटला फोन करून नकार दिला. रात्री भांडी घासताना मार्था मला म्हणाली, "सांगितलं म्हनून त्या आजीनं पानी घेतलं, टीचर. नायतर बादली तशीच निवली असती." त्यानंतर एकही शनिवार रिकामा गेला नाही. पाहुण्यांना अंगणात धरून ती जवळ्याची चटणी कशी करायची हे सांगत बसे, आणि तिच्या वाक्याला शेवटच नसे.

मार्थाला जाऊन महिना झाला त्या दिवशीच्या मिस्साला, तिच्यासाठीच्या प्रार्थनेला, मी राजोडीला परतले. चर्चमधून विल्सन आणि मी मार्थाच्या घरी आलो, तर एजंट दारात उभा. घर आता विल्सनचं, आणि त्याच्या आईसारखा तो हट्टी नाही हे मला पक्कं माहीत. एजंटने इंग्रजीत दुखवटा व्यक्त केला आणि त्याच दमात विचारलं, मग आता काय ठरवलंत? विल्सनने डोळे पुसले.

"मदर इज नॉट हिअर," तो म्हणाला, "बट हर गेस्ट्स आर कमिंग टुमॉरो, सो आय हॅव टू गो अँड बाय फिश."

आणि पिशवी घेऊन तो खरंच बाजाराकडे निघून गेला. मी सवयीने त्याच्या वाक्यात चूक शोधली. एकही सापडली नाही.