धावणारीची फुगडी

रोज सकाळी टेकडीला धावत वळसा घालणारी मी, भावाच्या नव्या नवरीच्या मंगळागौरीत दुसऱ्याच फुगडीला मटकन भुईवर बसले. समोर साठी उलटलेली माझी सुलूआत्या पदर खोचून उभी. तिला साधा दमही लागला नव्हता.

"अगं, तू तर रोज पळतेस ना?" ती म्हणाली, आणि सगळ्या बायका खो खो हसल्या. मीसुद्धा.

माझ्या पायांना फक्त पुढे जाणं ठाऊक होतं. गोल फिरणं, वाकणं, मागे रेलून समोरच्या हातांवर सगळा भार टाकणं त्यांनी कधी केलंच नव्हतं. शरीराला मी एकच धडा देत होते आणि वर त्याला हुशार समजत होते. पळून आलं की मिसळ माफ, हा हिशेबही माझाच.

जेवताना माझा हात आधी भाजणीच्या वड्यांकडे गेला. आत्याने मटकीच्या उसळीची वाटी पुढे सरकवली. "हे आधी. वडे कुठे पळून जात नाहीत."

तेव्हापासून मी एक दिवस धावते आणि एक दिवस आत्याच्या गच्चीत फुगड्या घालते. ताटातही उसळ आधी येते, वडे नंतर. येतात मात्र नक्की.

आज आत्या हट्टाने टेकडीवर आली. पहिल्याच चढाला धापा टाकत थांबली. तिला वर घ्यायला मी हात पुढे केला, तर तिने फुगडीला धरतात तसे दोन्ही हात फुलीसारखे करून पुढे केले.