वेदीकडे पाठ

"थांबवा ते! हे प्रभूचं घर आहे, दारूचा गुत्ता नाही!"

असं ओरडत साहेबांनी माझी कॉलर धरली. सगळ्या मंडळीसमोर. माझ्या शाळेतली पोरं बघत होती. ज्या गुरुजीला ती घाबरायची, त्याची मान साहेबांच्या मुठीत. मला वाटलं, आता इथंच मुतणार मी. खरं तेच सांगतो.

जव्हारच्या चर्चमध्ये कापणीचा सण होता. मी वारली आदिवाशाचा पोर, दाभोशाकडच्या पाड्यावरचा. मिशनच्या बोर्डिंगात शिकलो, मिशनच्याच शाळेत मास्तर झालो. राहायला खोलीही त्यांचीच. साहेब म्हणजे शाळेचे व्यवस्थापक, मंडळीचे कारभारी. नाशिककडचे, आज्यापासून शिकलेले. ते नुसते खाकरले तरी माझ्या हातातला खडू पडायचा.

मी प्रभूची गायनं रचायचो. आधी साहेबांना आवडतील अशी, पेटीवरची, जड जड शब्दांची. पाड्यावरची माणसं ती ऐकून जांभया द्यायची. मग भाताची आवणी, म्हणजे लावणी, करताना आमच्या बाया गातात, त्या चालीवर एक सुचलं:

नागली पिकली माझ्या देवाची गो बाय,
दगडात पाणी माझ्या देवाचं.

आई ते दळताना गायला लागली. बस्स, मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

सणाला मामा तारपा घेऊन आला. भोपळ्याचं ते लांब वाद्य, नवा भात आला की आमच्यात वाजतं. मामा मधे उभा राहून माझ्या त्याच गाण्याची चाल फुंकायला लागला आणि पाड्यावरच्या बाया-बाप्यांनी हातात हात गुंफून त्याच्याभोवती फेर धरला. आता आमच्यात तारप्याला पाठ दाखवत नाहीत. नाचणाऱ्याचं तोंड कायम वाजवणाऱ्याकडे. त्यामुळं वेदीच्या बाजूला जे होते, त्यांची पाठ वेदीकडे झाली. एवढंच झालं. त्यात वेदीचा अपमान होतो, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

माझी कॉलर सोडून साहेबांनी मामाच्या हातातला तारपा हिसकावला आणि बाहेर पायरीवर आपटला. भोपळा फुटला. मामा तुकडे गोळा करत विचारत होता, "काय चुकला आमचा?"  मी कॉलर सारखी करत उभा राहिलो.

"पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर गुडघे टेकायचे," साहेब मला म्हणाले. "हे गाणं सैतानाचं, असं म्हणायचं. नाहीतर शाळेची किल्ली ठेवायची आणि खोली सोडायची."

तो आठवडा नुसता भीतीचा.  दारात सायकलची घंटी वाजली तरी साहेब आले असं वाटून मी उठून उभा राहायचो. बायको पोटुशी होती. म्हणाली, "टेका ना गुडघे. कुठं जायचं आपण?" मीही ठरवलं, टेकायचे. साहेबांचं वाक्य घोकून घोकून पाठ केलं, पोरं पाढे करतात तसं.

रविवारी पुढं बाकांवर गावातली शिकलेली माणसं. मागं दाराशी, जमिनीवर, पाड्यावरची. मला वाटलं होतं, ती येणार नाहीत. आली होती. आई होती. मामाही होता, रिकाम्या हातांनी.

मी वेदीसमोर गुडघे टेकले. हो, टेकले. 

"बोला," साहेब म्हणाले.

मी तोंड उघडलं. आणि एकदम ध्यानात आलं, माझी पाठ मामाकडे आहे. आईकडे आहे. शाळेत गेलो तेव्हापासून मी असाच बसत आलो होतो. साहेबांकडे तोंड, माझ्या माणसांकडे पाठ.

उठलो. मागं वळलो. आवाज चिरकला. "हे गाणं सैतानाचं नाही. माझी आई गाते ते." आणि गायला लागलो. दुसरी ओळ दाराशी बसलेल्या बायांनी उचलली.

सोमवारी किल्ली दिली. खोली सोडली. पाड्यापर्यंत बायको माझ्या पुढं पुढं, मागं न बघता चालली.

भीती गेली का? छे! अजूनही असा कुणी साहेब खाकरला की हातातलं खाली पडतं. पडू दे. आमची उपासना आता पाड्यावर कुडाच्या घरात होते, मामाचा नवा तारपा मधे असतो. कुणी साहेब आलाच तर फेरात त्याला जागा आहे. बाक नाही. माझा आवाज चिरकेल, पण मी माझ्या माणसांना पुन्हा पाठ दाखवणार नाही.