न्यायमूर्तींचा झगा

माझ्या धाकट्या भावाला लोक न्यायमूर्ती म्हणतात. म्हणोत बापडे. त्याचा पहिला काळा कोट मीच शिवला, माझ्या शिवणाच्या दुकानात, गिऱ्हाइकांची कामं बाजूला सारून. कौतुक होतं ना, भाऊ वकील झाला म्हणून.

वकिलीत त्याला एकच विद्या आली, पुढची तारीख मागायची. साक्षीदार हजर झाला की याचं पोट बिघडायचं. समोरचा कंटाळून तडजोडीला यायचा आणि हा जिंकल्यासारखा मिरवायचा. वकिलांच्या बाररूममध्ये त्याचं नाव 'तारीखवाले' पडलं. गड्याला तो मान वाटायचा, आता काय बोलणार?

पुढे तो ज्या पक्षात शिरला, त्यातले दोन गट उमेदवारीवरून हमरीतुमरीवर आले. दोघांनाही चालेल असा, कधी कुणाला धड हो किंवा नाही न म्हणालेला माणूस हवा होता. झाला आमदार. त्याच वर्षी जुन्या भाडेकरू दुकानदारांना एकाएकी बाहेर काढता येऊ नये, असं विधेयक सभागृहात आलं. माझं दुकान भाड्याचं, म्हणून मी मुद्दाम वर गॅलरीत जाऊन बसले. मतदान पुकारलं आणि आमचे बंधुराज चहा प्यायला उठून गेले. विधेयक थोडक्यात पडलं.

"अगं ताई, इकडे मालक दुखावतात, तिकडे भाडेकरू," मला समजावतोय. "आपण कशाला वाईट व्हायचं?"

असा माणूस सगळ्यांनाच सोयीचा, म्हणून मग आमदारकी संपल्यावर त्याला न्यायाधीश केलं. झगाही मीच शिवला.

मालकानं मला दुकानातून काढायला दावा लावला, तो नेमका याच्यासमोर आला. माझं आडनाव सासरचं, इतरांना पत्ता नाही. याला तर होता ना? पहिल्याच दिवशी सांगून मोकळं व्हायचं. छे. वर्षभर घोंगडं भिजत ठेवलं. मी बाकावर बसायची आणि हा माझ्याकडे न बघता तारीख द्यायचा. निकालाच्या दिवशी घसा खाकरून म्हणतो, "प्रतिवादी माझी सख्खी बहीण आहे. हे प्रकरण माझ्यापुढे चालू शकत नाही."

नियम बरोबरच आहे, मी कुठे नाही म्हणते? पण बहीण आठवायला एवढा उशीर? आणि आठवली ती काखा वर करायला.

दुसऱ्या न्यायाधीशांनी सगळं पहिल्यापासून ऐकलं. जुन्या भाडेकरूला वाचवणारा कायदाच नाही म्हणाले, दुकान रिकामं करा. केलं. मशीन आता स्वयंपाकघरात खिडकीशी असतं. गिऱ्हाइकं निम्मीही उरली नाहीत. फार लागलं मला ते, अजून लागतं.

परवा त्याचा शिपाई झगा घेऊन आला. पोटावर घट्ट होतोय, सैल करून हवाय. वर निरोप, ताईच्या हाताशिवाय नीट बसत नाही. मी झगा उलटून पाहिला. शिवणीत कापड मीच भरपूर सोडलेलं होतं. हातासरशी झालं असतं.

घडी घालून तो शिपायाच्या हातात परत दिला.

"साहेबांना सांगा, ते माझे सख्खे भाऊ आहेत. हे काम माझ्याकडे चालू शकत नाही."