दाजी आणि जुगाराचं स्टँड

देवाने हे जग घडवायचं काम आमच्या दाजींवर सोपवलं असतं, तर त्यांनी ते आधी पॉलिश पेपरने घासायला घेतलं असतं आणि आपण सगळे अजून कुठेतरी वाळत पडलो असतो. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान. कोल्हापुरात एका सरकारी कचेरीत त्यांनी नोकरी केली, पण टेबलावरच्या फायलींपेक्षा टेबलाच्या लाकडावर त्यांचं लक्ष जास्त. लाकूड दिसलं की त्यांचा हात आपसूक त्यावरून फिरतो, मग नख लागतं, मग नाक. एकदा आजऱ्याला लग्नाची बोलणी करायला आम्ही गेलो होतो. मुलीचे वडील मानपानाचं बोलत होते आणि दाजी बसल्या जागी खुर्चीचा हात खरवडत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "पावणं, सागवान हाय की हे! ह्याला ऑइलपेंट कुणी फासला?" ते लग्न जमलं, पण त्यात दाजींचा काही वाटा नाही.

मागच्या उन्हाळ्यात भंगाराच्या दुकानातून त्यांनी एक काळंकुट्ट लाकडी प्रकरण घरी आणलं. चहाच्या किटलीएवढं, गोल, वर पितळी मूठ, बुडाशी गरागरा फिरणारी बैठक, भोवतीनं उभ्या खोबणी आणि मधोमध दोन कप्पे. हे मसाल्याचं स्टँड आहे असं सांगून भंगारवाल्याने जवळजवळ फुकटच त्यांच्या गळ्यात मारलेलं. "आतनं शिसव हाय," दाजींनी गल्लीत जाहीर करून टाकलं. "संस्थानाच्या काळातलं असणार. रंग उतरू दे, मग बघा." मग रंग उतरवणं सुरू झालं. खोबणीच्या गोलाईत नुसत्या बोटाने घासणं जमेना, तेव्हा आक्काचं लाटणं कामाला आलं. पेपर गुंडाळलेलं लाटणं खोबणीत बरोबर बसतं, हा शोध लागल्यापासून त्या घरात चपाती बंद आणि भाकरी सुरू झाली. आक्का भाकरी थापता थापता जे बोलायची ते मला जेवताना ऐकू यायचं, दाजींना येत नसे.

रंग उतरला त्या दिवशी शेजारीपाजारी बघायला जमले होते. आतून निघालं पांढरट, गाठीगाठीचं, फळांच्या खोक्यांना वापरतात तसलं लाकूड. कुणीतरी म्हणालं, "दाजी, ह्यात आंबं घालून पाठवलं व्हतं काय?" सगळे हसले. दाजी हसले नाहीत, चिडलेही नाहीत. ते स्टँड मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले. लोक पांगल्यावर आक्का बाहेर आली. "शिसव न्हाय तर न्हाय. माझ्या लाटण्याचं वाटोळं केलंसा, आता हे अर्ध्यावर सोडायचं न्हाय, सांगून ठेवते."

मग काय! आक्काच्याच जुन्या सुती साडीचे बोळे आणि लाखेचं पॉलिश घेऊन दाजी पुन्हा उभे राहिले. एक हात द्यायचा, वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा हात द्यायचा. धूळ बसेल म्हणून ऐन उन्हाळ्यात घरातला पंखा बंद. पाहुणे घामाघूम होऊन उठून गेले, पण लाकडाला काकवीसारखा रंग चढला. ज्या गाठींना लोक हसले होते, त्याच आता उठून दिसू लागल्या.

त्या आनंदात मी एक आगाऊपणा केला. मोबाइलवर शोधून सांगितलं, "दाजी, हे मसाल्याचं नाही. पोकर नावाचा पत्त्यांचा जुगार असतो, त्याच्या चकत्या ठेवायचं स्टँड आहे."

"जुगाराचं?" आक्का कडाडली. दिवाळीत तीनपत्ती मांडली म्हणून सख्ख्या दिराला उठवणारी बाई ती. "माझ्या घरात न्हाय ठेवायचं!"

"अगं, त्यानं काय जुगार खेळलाय?" दाजी काकुळतीला आले. "त्यानं निस्ती चाकरी केलीया."

स्टँड बाहेर कट्ट्यावर गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्काने कपाटामागून कॅरम बोर्ड ओढून काढला. कॉलेजात असताना ती कॅरममध्ये भल्याभल्यांना हरवायची, हे लग्नानंतर आम्हीही विसरलो होतो. तिनं स्टँड आत आणलं आणि एकेक सोंगटी खोबणीत सोडून पाहिली. "सैल हायत, पण बसत्यात," एवढंच म्हणाली. एका बाजूला काळ्या, एका बाजूला पांढऱ्या, मधल्या कप्प्यात राणी आणि स्ट्रायकर. तेव्हापासून रोज दुपारी दोघांचा डाव रंगायचा. दाजी रोज हरायचे आणि रोज बोर्डाला पॉलिश कमी आहे म्हणून भांडायचे.

परवा गेलो तर घर शांत. लेकीच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, बाळंतपणासाठी आक्का पुण्याला गेलेली. बोर्डावर धुतलेलं धोतर पांघरलं होतं. मी ते उचललं. खाली अर्धा डाव तसाच मांडलेला. म्हटलं, "दाजी, चला, मी बसतो खेळायला."

त्यांनी माझं मनगट धरलं. "हात लावू नका, पावणं. तिनं राणी घेतलीया. कव्हर करायचं राहिलंय. तेवढ्यात गाडी आली."

"आक्का कधी येणार?"

"बाळंतपण हाय. घाई करून कसं चालंल? यील की."

धोतराची चारही टोकं त्यांनी नीट ओढून सारखी केली. मग शेजारच्या स्टँडला बोटाने हलकेच एक गिरकी दिली.