एयनारच्या खिडकीतली चुकीची नावं

एयनार बागरने साठ वर्षं डेन्मार्कमधल्या आमच्या शहराचे फोटो काढले आणि एकाही फोटोवर माणसाचं नाव लिहिलं नाही. हा मूर्खपणा होता. मी त्याला तसं तोंडावर सांगितलेलं आहे, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही.

पोटासाठी तो लग्नाचे आणि पासपोर्टचे फोटो काढायचा. पण दुकान उघडण्याआधी सायकलवरून रोज एक फेरी मारायची आणि दिसेल ते टिपायचं, हे त्याचं खरं काम. बीटच्या हंगामात साखर कारखान्याच्या फाटकाशी ताटकळलेले कामगार, बेकरीबाहेर बाबागाडीत झोपलेली पोरं आणि आत गप्पा ठोकणाऱ्या त्यांच्या आया, बंदरावर मासळी साफ करताकरता शिंकणारा म्हातारा. कोणी केस विंचरून समोर उभं राहिलं, की हा कॅमेरा खाली करणार. "आज नको. फोटोचं विसरशील तेव्हा काढीन."

निगेटिव्ह आणि प्रती बुटांच्या खोक्यांत. झाकणावर तारीख, वारा कुठला, उजेड कसा. नाव नाही.

"ही बोडिल आहे हे इथे कोणाला ठाऊक नाही?" तो म्हणे. "उद्या चर्चवर 'चर्च' अशी पाटी लावायला सांगशील, मास्तरीणबाई."

मी अडतीस वर्षं इथल्या शाळेत गणित शिकवलं. तो मला तेव्हापासून याच नावाने चिडवतो.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्याचे डोळे गेले. पूर्ण नाही, कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. म्हणजे माणसाची टोपी दिसते, चेहरा नाही. बायकोमुलं नाहीत. वृद्धाश्रमात एक नोव्हेंबरपासून खोली मिळाली आणि दुकान विकलं गेलं, ताबा त्याच दिवशी द्यायचा. त्या खोलीत एक पलंग आणि एक खुर्ची मावते. तीनशे खोकी मावत नाहीत.

ऑगस्टमध्ये नगरपालिकेच्या दफ्तरखान्यातून रिके ती खोकी बघायला आली. तिशीतली, हुशार, कोपनहेगनची.

"ज्यांत माणसांची नावं आहेत ती खोकी घेऊ," ती म्हणाली. "नावाशिवाय मी कोणाला काय शोधून देऊ?"

"आणि बाकीची?" एयनारने विचारलं.

"बाकीची... म्हणजे, जागेचा जरा प्रश्न आहे," ती म्हणाली. मला असलं संकोचाचं बोलणं सहन होत नाही. "कचऱ्यात," मी म्हटलं. "दुसरं काय?"

एयनारने कप बशीत ठेवायला म्हणून ठेवला तो टेबलाच्या कडेला. मी तो उचलला आणि म्हटलं, उद्यापासून बसायचं.

मी भिंग लावून वर्णन करायची, तो नाव सांगायचा. "बाई. सायकल. बुटाची नाडी सुटलेली." "ती क्यर्स्टेन. तिची नाडी कायम सुटलेली." असं बरंच जमलं, बरंच अडलं. मग आम्ही वाचनालयात चिठ्ठी लावली: हे कोण आहेत, सांगायला या, कॉफी मिळेल. तीन माणसं आली. दोघं कॉफीसाठी आणि तिसऱ्याला पोस्ट कुठे हलवलंय ते विचारायचं होतं.

शेवटी मी वीस फोटो नावं लिहून दुकानाच्या खिडकीत लावले. निदान लोकांनी बघावेत. तिसऱ्या दिवशी खाटकाची विधवा बोडिल काठी आपटत आत.

"टोवे! माझ्या नवऱ्याला पोल रास्क म्हणून टांगलंस?"

"कोट पोलचाच आहे तो!" एयनार आतून ओरडला.

"कोट पोलचा, आतला माणूस माझा! पोल तो कोट पत्त्यांत हरला होता. आणि मागची ती पोलची बहीण एल्से. कुत्रा बेकरीवाल्याचा."

मग ती बसली आणि तासाभरात तिने अकरा माणसांची नावं सांगितली, त्यांतल्या दोघांची भानगडींसकट.

ती गेल्यावर एयनार म्हणाला, "पोलबद्दल मी शपथ घेतली असती. म्हणजे आत्तापर्यंत लिहिलेलंही चुकलं असणार. जाऊ दे कचऱ्यात. खोट्या नावांपेक्षा बिननावाचे बरे."

"उत्तर चुकलं म्हणून कोणी वही जाळत नाही," मी म्हटलं. आणि म्हणतानाच माझी ट्यूब पेटली. वर्गात उत्तर विचारा, एक हात वर येत नाही. फळ्यावर चुकीचं लिहा, सगळा वर्ग ओरडतो.

त्याच दुपारी मी खिडकीतली सगळी नावं बदलली. धर्मगुरूला गुत्त्याचा मालक केलं. दारात एक वही आणि दोरीला पेन्सिल बांधली.

"हा खोटेपणा आहे," एयनार म्हणाला.

"हा फळा आहे."

सोमवारी फुटपाथवर गर्दी.

"हा आमचा काका नव्हे. तो असा कधी हसला नाही."

"हसला होता एकदा. तू जन्मायच्या आधी."

मी रोज फोटो बदलत होते, रोज नवी चुकीची नावं. वह्या भरल्या. एयनार दाराशी खुर्ची टाकून बसे. आवाज ऐकला की, "तुझी आई कपडे वाळत घालायची तोंडात चिमटे धरून. आहे तो फोटो, थांब."

ऑक्टोबरात रिके आली, वह्या चाळून म्हणाली, "एकाच माणसाला तीन नावं आहेत. मी कुठलं लिहू?"

"तिन्ही लिही. कोण म्हणतंय तेही लिही," मी म्हटलं.

तिने वही पुन्हा उघडली. "नाव हवं असं मी म्हटलं होतं," ती सावकाश म्हणाली. "एकच हवं असं नव्हतं म्हटलं."

एकतीस तारखेला तिची गाडी अडीचशेहून जास्त खोकी घेऊन गेली. नाव न लागलेली सत्तेचाळीस मागे उरली, ती बघून मी तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "वृद्धाश्रमाच्या जेवणघरातली भिंत रिकामी आहे. मी परवानगी घेऊन आलेय. कपाटही देताहेत."

आता दर गुरुवारी त्या भिंतीवर नवे फोटो लागतात, शेजारी वही आणि दोरीची पेन्सिल. चुकीची नावं एयनार सांगतो, रिके लिहिते, आणि म्हाताऱ्याला त्यात भलतीच मजा यायला लागलीये. गेल्या गुरुवारी चिखलाचे बूट घातलेल्या एका फेंगड्या बाईखाली लिहिलं होतं: टोवे, गणिताची मास्तरीण.

ती मी नाही. पोस्टमनची मेहुणी आहे, आणि माझे पाय असे कधीही नव्हते. मी पेन्सिल उचलली.