मी पुरावा प्यालो!

आता माझी अब्रू मीच चव्हाट्यावर मांडतो. हसायचं तर आधी चहाचा कप खाली ठेवा!

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी जळगावात बातमीदार. धुळ्याच्या एका प्राध्यापकांनी म्हणे गुळवेलीच्या पानांवरून जंतू काढले होते. ते पोटात गेले की रक्तातली साखर आटोक्यात राहील, असा त्यांचा अंदाज. जंतू! माणसांना जंतू पाजणार? माझं डोकंच फिरलं. एसटीत बसायच्या आधीच मथळा लिहून टाकला: ‘माणसाला उंदीर समजणारा प्राध्यापक!’

धुळ्यात त्यांच्या प्रयोगशाळेत घुसलो, तर सर शांतपणे म्हणाले, “भाऊ, अजून फक्त उंदरांवरच चाललंय.”

“पकडले जाईपर्यंत सगळे असंच म्हणतात!” मी खेकसलो.

ते पिंजरे दाखवायला पुढे झाले आणि मी टेबलावरची पांढऱ्या पाण्याची बाटली शबनम पिशवीत सरकवली. पुरावा! पत्रकारिता करावी तर अशी!

घरी येऊन बाटली माठाजवळ गारव्याला ठेवली आणि अंघोळीला गेलो. जेवायला खिचडी आणि फोडणीचं ताक. दोन वाट्या प्यालो. तिसरी मागताना सहज विचारलं, “ताक कुठून आणलंस गं?”

“तुम्हीच नाही का आणलंत?” बायको म्हणाली. “माठाजवळ होतं की.”

हातातला घास मी ताटात टाकला! समोर आई वाटी चाटूनपुसून म्हणत होती, “मस्त व्हतं रे भाऊ. बठ्ठं सरी गयं!” सगळं संपलं होतं!

आता काय सांगू? चोरी केली म्हणून सांगू, की घरादाराला जंतू पाजले म्हणून? तोंडाला कोरड पडली. तांब्याभर पाणी, की मोरी. पुन्हा पाणी, पुन्हा मोरी. जंतू कामाला लागले होते! आई नुसती खोकली तरी माझ्या काळजाचं पाणी व्हायचं.

सकाळी पहिली एसटी धरली. एरंडोलला माझ्यासाठी गाडी थांबली, पारोळ्याला पुन्हा थांबली. कंडक्टरने हात जोडले. धुळ्यात सरांपुढे मी जोडले.

“सर, मी चोर आहे! पण माझ्या आईला वाचवा!”

सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसत सुटले. “ती बाटली होय? अहो, ते माझ्या डब्यातलं ताक! काल कोरडी भाकरी खाल्ली मी.”

जीव भांड्यात पडला. “मग ही तहान? हे सारखं मोरीत पळणं?”

“कधीपासून?”

“तसं... दिवाळीपासून.”

सरांचं हसू थांबलं. माझी लघवी निळ्या औषधात घालून त्यांनी नळी दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि शेवटी लालभडक विटकरी!

“घरचे ठणठणीत आहेत, भाऊ. साखर तुम्हाला आहे. आजच्या आज डॉक्टर गाठा.”

मी सरांचा हात धरला. “सर, ते तुमचे जंतू... थोडे मला?”

“माणसांना नाही. फक्त उंदरांना.”

“मग मला उंदीर समजा!”

“जमायचं नाही, भाऊ,” सर पिंजऱ्याकडे बघत म्हणाले. “माझे उंदीर दुसऱ्याच्या डब्याला तोंड लावत नाहीत.”