सात वर्षं पुरवायची बिस्किटं

लाँड्रीत तिला सगळे 'वाफ' म्हणत. हॉटेलांच्या चादरी तापलेल्या रुळांमधून काढण्यात तिची अर्धी हयात गेली होती, पण नाव पडलं ते रागामुळे. मुकादमाने कुणाची सुट्टी कापली की बाकीच्या बायका मूग गिळून बसत आणि ही तेवढी उसळे. नवरा गेल्यावर लेकीला तिने एकटीने वाढवलं, कुणाची मिंधी झाली नाही. अपवाद एकच, थोरला भाऊ. तो रंगारी. नवऱ्याच्या दुखण्यात रात्री जागवल्या त्या यानेच. त्याच्यापुढे ती आजवर शब्द गिळत आली होती.

याच दादाने त्यांच्या ख्रिस्ती मंडळीच्या हॉलची एक अख्खी भिंत उरल्यासुरल्या ऑइलपेंटने रंगवली होती. डावीकडे पांढरे ढग, त्यात वर उचलली जाणारी माणसं आणि खाली जमिनीवर पडलेले त्यांचे रिकामे कपडे. मधे सात वर्षांचं महासंकट, लालभडक. उजवीकडे सिंहासन. विश्वासणाऱ्यांना प्रभू संकटाच्या आधीच उचलून नेणार, बाकीचे मागे राहून सोसणार, असं दादाचं ठाम मत. म्हातारे पाळक म्हणत, छे, नंतर. आधी सगळ्यांनीच सोसायचं. यावरून मंडळीत दोन तट पडले होते आणि माणसं मयतालाही एकमेकांकडे पाठ करून बसत. मोठ्यांनी खुशाल डोकी फोडून घ्यावीत! पण रविवारी दादा मुलांचा वर्ग घेई, आणि तो त्याच भिंतीसमोर.

त्या बुधवारी वाफ कामावरून आली. घामाने चिंब झालेला कामाचा झगा उतरवून तिने दुसरे कपडे चढवले, तोच खालच्या मजल्यावरची म्हातारी जिन्यात धाडकन पडली. झगा जमिनीवर, चपला त्याच्याशेजारी, दूध गॅसवर, दार सताड उघडं. वाफ तशीच अनवाणी धावली. म्हातारीला दवाखान्यात पोचवून परतायला संध्याकाळ झाली.

गॅस कुणीतरी बंद केला होता, पण शाळेतून आलेली लेक कुठेच दिसेना. शेवटी सापडली पलंगाखाली. आईचा ओला झगा अंगाभोवती गुंडाळून बसली होती. शेजारी पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचा पुडा. त्यातलं एकच बिस्कीट काढलेलं, तेही अर्धंच खाल्लेलं.

"अगं, भूक लागली होती तर खायचं ना!"

"सात वर्षं पुरवायची होती," लेक म्हणाली.

क्षणभर वाफेला काही उमगेना. मग भिंतीवरचे ते रिकामे कपडे आठवले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षांची पोर! आईला नेलं, आपण वाईट म्हणून मागे राहिलो, असं समजून दुपारभर पलंगाखाली बसली होती. असलं शिकवणाऱ्याची जीभ झडत कशी नाही?

लेकीचा हात धरून ती तडक हॉलवर गेली. बुधवारची सभा भरली होती. दादा हातात काठी घेऊन भिंत समजावत होता.

"दादा, खाली ठेव ती काठी."

"अगं, सभा चाललीये."

"चालू दे. देवालाही ऐकू दे." आणि तिने घडलं ते सगळं सर्वांसमोर सांगितलं. पुढच्या बाकावर बसलेल्या वहिनीने तोंडावर हात ठेवला.

दादाने घसा खाकरला. "मुलांना थोडा धाक असलेला बरा. उद्या खरंच तो दिवस आला तर..."

"धाक? तुझ्या धाकापायी माझी पोर अर्ध्या बिस्किटावर दिवस काढायला बसली होती! आधी की नंतर, हे तुम्हा शहाण्यांचं अजून ठरत नाही, आणि माझ्या पोरीचं तेवढं ठरवून मोकळे झालात? माझ्यासाठी खस्ता खाल्ल्यास, मान्य. म्हणून तिला घाबरवायचा परवाना नाही मिळाला तुला. ही भिंत पुसली नाहीस, तर तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही मी."

पाळक आपलीच बाजू जिंकल्यासारखी मान डोलावू लागले. वाफ त्यांच्यावरही घसरली, "तुम्ही नका खूश होऊ. तुमच्या मताने तर ती माझ्यासकट होरपळणार आहे."

दादाचा चेहरा पडला. भाचीसमोर तो गुडघ्यांवर बसला. "वेडाबाई, एवढी भ्यालीस, तर मामाकडे का नाही आलीस?"

"आले होते. खिडकीतून पाहिलं. मामी घरात नव्हती. तू एकटाच जेवत होतास."

"मामी बाजारात गेली होती गं! मग मला हाक का नाही मारलीस?"

सांगू की नको, अशा नजरेने लेकीने आईकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मला वाटलं, मामीलाही नेलं आणि तू राहिलास. तुला अजून कळलं नव्हतं. म्हटलं, निदान जेवून तरी घेऊ दे."